कढईतली काळी मेंदी

माझे केस दहावीत असतानाच पांढरे व्हायला लागले. आधी डाव्या कानाच्या वर एक बट, मग भांग, मग सगळं कपाळ. आईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझी वेणी घालत होती. तिचा हात थांबला. तिनं उठून खोलीच्या दाराला आतून कडी लावली आणि परत माझ्या मागे येऊन बसली. "कोनाला बोलू नको," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, अगं केस आहेत, चोरीचा माल आहे का? तर पाठीत एक धपाटा मिळाला. तेव्हापासून माझं लग्न ठरेपर्यंत दर तिसऱ्या रविवारी आमच्या तळवलीच्या घरात ती कडी लागत राहिली आणि आई माझ्या डोक्याला काळा रंग लावत राहिली.

त्याला कारण होतं. आईच्या धाकट्या बहिणीला, माझ्या मावशीला, बघायला पाहुणे आले होते तेव्हा तिच्या डोक्यात एक पांढरी बट दिसली. कुणीतरी विचारलं, "घरात कोड हाय काय?" झालं! कोड नव्हतं, कधीच नव्हतं, पण तेवढ्या एका प्रश्नावर ते स्थळ गेलं आणि त्याच्या मागून येणारी सगळीच गेली. मावशी जन्मभर माहेरी राहिली, भावजयांची धुणी धूत. त्यामुळे माझ्या डोक्यात पांढरा केस दिसला की आईला केस दिसायचाच नाही, तिला मावशी दिसायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती उठता-बसता म्हणायची. मला त्या म्हणीचा वीट आला होता.

पहिली काही वर्षं नुसती खाज यायची. रंग धुतला की कानामागे, मानेवर, कपाळाच्या कडेला. "कोंडा झालाय," असं म्हणून आई खोबरेल चोळायची. मग खाजेच्या जागी पुरळ यायला लागलं. मग पुरळातून पाणी. दर वेळी थोडं जास्त, आणि दर वेळी थोडं लवकर. महाप्याच्या ऑफिसात मी भर उन्हाळ्यात मानेला ओढणी गुंडाळून बसायचे आणि कुणी विचारलं की एसी बाधतो म्हणून सांगायचे. सोमवारी उशीवर पिवळे डाग असायचे. आई अभ्रा बदलून टाकायची.

आई रंग नुसत्या हातांनी लावायची. पाकिटात पातळ प्लास्टिकचे हातमोजे यायचे, ते ती जपून ठेवायची आणि लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधायची. "पोरीच्या डोक्याला हातमोजे घालून हात लावू? मी काय डाक्टर हाय?" तिच्या बोटांना कायम भेगा असत, नखांच्या मुळाशी काळं आणि तळव्यांची सालं निघत. भांड्यांच्या साबणानं होतंय असं तिचं ठाम मत होतं. तिनं किती साबण बदलले देव जाणे. प्रत्येक साबणाला शिव्या घालून झाल्या, पण हात तसेच.

मग नावड्याचं स्थळ आलं आणि ठरलंही. मुलगा मला आवडला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. हसरा, साधा, चहात बिस्किट बुडवताना ते तुटून पडलं तर खरोखर वाईट वाटून घेणारा. त्याची आई म्हणजे आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची बाई. काळाभोर तुकतुकीत अंबाडा, त्यावर गजरा. साखरपुड्यात त्या सारख्या अंबाड्यातला आकडा काढायच्या, कानामागे टोचायच्या आणि परत खोचायच्या. मला वाटलं, गजरा टोचत असेल. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "केस बगा पोरीचं, काजल जसं." आईचा चेहरा त्या क्षणी असा काही उजळला की मला रडू यायचं बाकी होतं. साखरपुड्यासाठी आदल्या दिवशीच मला रंग लावला होता. साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझे डोळे उघडेनात.

वाशीच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पापण्या बोटानं वर करून बघितल्या. म्हणाल्या, "काळा रंग आजपासून बंद. ही ॲलर्जी कमी होत नसते, वाढतच जाते. या वेळी डोळे सुजले. पुढच्या वेळी घसा सुजेल." आई शेजारीच बसली होती. तिनं विचारलं, "लग्नापर्यंत एकदाच लावला तर?" डॉक्टरीणबाईंनी डायमधल्या त्या बाधणाऱ्या औषधाचं नाव कागदावर लिहून तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "आई, घसा सुजला की श्वास बंद होतो." आई मान हलवत राहिली. मला वाटलं, समजलं.

तिला समजलं होतं ते असं, की डाय वाईट. म्हणून तिनं डाय टाकला आणि मेंदी आणली. काळी मेंदी, पाकिटातली. आमच्याकडे मेंदी लोखंडी कढईत भिजवतात, चहाचं पाणी घालून, रात्रभर, म्हणजे रंग गडद चढतो. आजीची कढई होती ती. सकाळी मी त्या कढईत डोकावले तर आत डांबरासारखं काहीतरी चमकत होतं आणि वास मेंदीचा नव्हता. मी म्हटलं, आई, हे मला बरं दिसत नाही. तर म्हणते, "मेंदीनं कोनाला काय झालंय? नवरीच्या हाताला लावतात ती. सवाष्नीचा मान हाय तिला." मेंदीवर संशय घेणं म्हणजे आमच्या घरात तुळशीवर संशय घेण्यासारखं. शिवाय लग्नाची हळद जवळ येत होती. आमच्यात हळदीच्या आंघोळीला नवरीचे केस मोकळे सोडतात आणि साऱ्या बायका डोक्यावरून पाणी घालतात, नवऱ्याकडच्याही. ओल्या केसांत मुळं लपत नाहीत. मी डोकं पुढे केलं. आईनं भांगाला, कानशिलांना आणि कानांमागे मेंदी थापली, वीतभर खालीपर्यंत, नुसत्या हातांनी.

धुवून तासभर झाला नसेल, माझे ओठ जड झाले. आरशात बघितलं तर चेहरा माझा नव्हता. मी आईला हाक मारली आणि आवाज घोगरा आला, दुसऱ्याच कुणाचातरी. तेव्हा मी घाबरले. खरंच घाबरले. बाबांनी गाडी काढली, इंजेक्शनं झाली, एक रात्र ठेवून घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी घाईघाईत विचारलं, "डाय लावला होता?" आई म्हणाली, "नाय हो, मेंदी." ते म्हणाले, "मग आधीच्या डायचा अंश राहिला असेल केसांत." ते तिथून निघून गेले, पण त्यांचं ते एक वाक्य आमच्या घरात राहिलं. आईच्या लेखी मेंदी निर्दोष सुटली आणि जुना रंग फासावर गेला. "तो जुना डाय बाहेर निगतोय तुज्या डोक्यातनं," ती म्हणाली, "तो काढून टाक एकदाचा."

निदान एवढ्यावर आमचं दोघींचं एकमत झालं. जुना रंग काढायचा. पण मग खाली उरणार काय? पांढरं. त्याचा तोडगा मीच काढला, आणि मला तेव्हा माझ्या हुशारीचा फार गर्व वाटला. म्हटलं, काळा काढून टाकू आणि फिकट जांभळा लावू, लव्हेंडर. तसले फिकट रंग काळ्या केसांवर दिसतच नाहीत, आधी केस पांढरट करावेच लागतात. म्हणजे मुळाशी पांढरं दिसलं तरी लोक म्हणतील, पार्लरात करून घेतलंय, फॅशन आहे. आईनं माझ्या भांगातले केस बोटांनी बाजूला करून मुळं बघितली. मग म्हणाली, "जांभलं कर नायतर हिरवं कर. पन पांढरं हाय असं कलता कामा नये." नवऱ्यामुलाला फोनवर सांगितलं तर तो खूश. "भारी! मम्मीला आधी सांगू नको, डायरेक्ट दाखव." बिचारा. त्याला काय ठाऊक!

माझी शाळेतली एक मैत्रीण जुईनगरला पार्लर चालवते, स्टेशनच्या बाजूच्या एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर. बोलायला तिखट, हाताला हलकी. टाळूवरच्या जखमा पुऱ्या सुकेपर्यंत तिनं मला खुर्चीत बसू दिलं नाही. लव्हेंडर रंगाचा ठिपका कानामागे लावून दोन दिवस वाट बघायला लावली. त्या रंगात डायमधलं ते औषध नसतं म्हणाली, पण तुझा काय भरवसा! ठिपक्याला काही झालं नाही. मग तिनं विचारलं, "डोक्याला आजवर काय काय लावलंयस? खरं बोल."

"डाय. इतकी वर्षं डायच. शेवटची फक्त मेंदी."

"मेंदी असेल तर टेन्शन नाय," ती म्हणाली. पण तिची एक पद्धत आहे. कुणीही असो, आधी आतल्या बाजूची एक बट कापून तिच्यावर ब्लीच लावून बघायचं, मगच डोक्याला हात. तिनं माझ्या कानामागची बट कापली, वाटीत पांढरी पावडर कालवली, बटेला लावली, चांदीच्या कागदात गुंडाळली आणि काउंटरवर ठेवली. आम्ही चहा घेत बसलो. लग्नाच्या साड्यांवरून मी तिला काहीतरी सांगत होते. तेवढ्यात तिनं पुडी उचलली आणि लगेच टाकली. "अगं आई गं!" परत चिमट्यानं उचलली. कागद फुगला होता. उघडला तर त्यातून वाफेसारखं काहीतरी वर आलं आणि पार्लरभर जळकट, सडकट वास सुटला. बट होती तिथे हिरवट लगदा होता. तिनं चिमट्यानं ओढला तर तो शेवयांसारखा तुटला.

तिनं माझ्या भांगाकडे बघितलं. तेच सगळं माझ्या डोक्यावर होतं. भांगावर, कानशिलांवर, त्या नुकत्याच सुकलेल्या कातडीला चिकटून. बट कापली नसती तर ती वाटी तिनं सरळ माझ्या टाळूवर ओतली असती.

"ही कसली मेंदी?" ती म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "काळी? अगं बाई, काळी मेंदी कुठल्या झाडाला लागते? मेंदी लाल रंगते. ती काळी करायला डायचाच माल घालतात, नाहीतर धातूचं काहीतरी, जे ब्लीच लागलं की तापतं, नाहीतर दोन्ही. मी पण वेडी, आधी विचारायला पाहिजे होतं."

मी घरी आले ती थेट पाकीट शोधायला लागले. आईनं ते पिठाच्या डब्यात तळाशी गुंडाळून ठेवलं होतं, अर्धं शिल्लक. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलेलं डायमधल्या औषधाचं नाव त्यात होतं. रात्री जेवताना मी ते आईच्या नाकासमोर धरलं. "हे बघ. ज्यानं माझे डोळे सुजले तेच याच्यात आहे. आगीतून काढून फुफाट्यात टाकलंस मला." तिनं त्या अक्षरांकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या बाजूला छापलेल्या हिरव्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "पाला दिसतोय ना? छापतात काय पन मागं." मी एवढी भडकले, एवढी भडकले, की ताट ढकलून उठले. जेवणावरून असं कधी उठले नव्हते. तिनं ताट झाकून ठेवलं. पाकीटही झाकून ठेवलं, पण ते मला नंतर कळलं.

तो धातू केसांतून काढण्यात पुढचे कितीतरी शनिवार जुईनगरात गेले. तेल चोळायचं, मुरवायचं, खास शाम्पूनं धुवायचं, आणि मग एक बट कापून पुडी बांधायची. मैत्रीण पुडी तळहातावर घेऊन उभी राहायची आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. पहिल्या शनिवारी चटका. मग गरम. मग कोमट. घरी बाबा मांडववाल्याशी हुज्जत घालत होते, आई तांदूळ निवडून घेत होती, पापड वाळत होते, आणि मी आपली शनिवारची पुडी गरम लागते की गार याचा विचार करत पत्रिका वाटत फिरत होते. कुणी "नवरी किती वाळली!" म्हटलं की आई म्हणायची, "टेन्शन असतंय ना."

एका शनिवारी पुडी गार लागली. ती उघडली तर आत केस होता, साबूत, मळकट नारिंगी. मैत्रिणीनं मला मिठीच मारली.

मग केसांचा रंग उतरवायचं काम सुरू झालं. ती अगदी बारीक बटा घ्यायची आणि टाळूला स्पर्श होऊ न देता बोटभर अंतर सोडून ब्लीच लावायची. काळ्याचा विटकरी झाला, विटकरीचा नारिंगी, नारिंगीचा पिवळा. प्रत्येक पायरीला मी आधीच्यापेक्षा भयंकर दिसत होते. घरी येताना डोक्याला ओढणी, घरात आल्यावर टॉवेल. केळ्याच्या सालीची आतली बाजू असते ना, त्या रंगाला आणायचे होते. खालची टोकं तुटत होती, ती तिनं कापली. कमरेपर्यंतचे केस खांद्यावर आले. आईनं ते बघून तोंडावर पदर घेतला. आणि इकडे मुळाशी मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःचे केस वाढलेले बघत होते. शुभ्र, लखलखीत. मैत्रीण त्यावर बोट फिरवून म्हणाली, "लोक ज्याच्यासाठी डोकं जाळून घेतात ना, ते तुझ्या डोक्यात फुकट उगवतंय. आणि तू येडी त्याच्यावर डांबर फासतेस." मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं.

हळदीला दोन दिवस राहिले होते. दुपारी लव्हेंडर लावायचं ठरलं होतं. सकाळी मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले तर वॉशिंग मशीनच्या मागे ताट झाकलेली कढई. ताट उचललं आणि तो वास आला. मी तिथूनच ओरडले, "कुणासाठी भिजवलीस ही?"

आई आली. "असू दे. तुजा तो जांभला नाय चढला तर? बाया येतील, पानी घालतील…"

"आई, ही डोक्याला लागली तर मी मरेन. मरेन, कळतंय का तुला?"

"हलदीच्या घरात अभद्र बोलू नको!" ती माझ्यावरच खेकसली. मग तिचे डोळे भरले. भेगाळलेल्या हातांनी तिनं माझं पिवळं, कापलेलं, रया गेलेलं डोकं कुरवाळलं. "तुला नाय लावनार. तुजी शप्पत."

"मग फेकून दे."

"भिजवलेली मेंदी फेकत नाय कोन लग्नघरात."

मला उशीर होत होता. मी स्कूटीची किल्ली घेतली आणि निघाले. जाताना मागे वळून बघितलं तेव्हा ती ताट परत कढईवर ठेवत होती. तिच्या स्वतःच्या भांगात बोटभर पांढरं दिसत होतं. मला लावून उरलेला रंग ती स्वतःला लावायची, पण इतक्या आठवड्यांत माझ्या डोक्यापायी तिला स्वतःच्या डोक्याकडे बघायला फुरसत झाली नव्हती. मी ते बघितलं, आणि ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकचा विचार करत जिना उतरले.

मैत्रिणीनं नुकता रंग लावून संपवला होता. आरशात माझं डोकं जांभळ्या लोण्यानं माखलेलं होतं आणि ती म्हणत होती की थोडा वेळ थांब, आता बघ कशी दिसतेस. बाबांचा फोन आला. बाबा कधी फोन करत नाहीत. म्हणाले, "आईला बोलता येत नाय. तोंड सुजलंय. मी तिला घेऊन चाललोय." मी विचारलं, "तिनं डोक्याला काय लावलंय?" तर म्हणाले, "टावेल बांधलाय."

मैत्रिणीनं कसंबसं पाणी ओतलं, मला मागे बसवून स्कूटी तिनंच काढली. माझ्या मानेवरून जांभळे ओघळ कुर्त्यात उतरत होते. सिग्नलला लोक वळून बघत होते. देवा, तिचा घसा नको, एवढंच मी म्हणत होते. घसा नको, घसा नको. दुसरं काही सुचतच नव्हतं.

तिला ऑक्सिजन लावला होता. डोळे पूर्ण मिटलेले, पापण्या फुगून चकाकत होत्या, ओठ उलटले होते. इंजेक्शनं देऊन झाली होती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, पण अजून काही तास सांगता येत नाही, घशाची सूज पूर्ण उतरलेली नाही. त्यांनी तिला काय लावलं म्हणून विचारलं होतं, तेव्हा तिनं म्हणे दोन्ही तळवे वर करून दाखवले. काळे तळवे, भेगाभेगांत शिरलेला रंग. डॉक्टर म्हणाले, "हे हात आजचे नाहीत. हे शरीर बरीच वर्षं सांगत होतं." मला त्या क्षणी तिचा इतका राग आला, की तिला गदगदा हलवून विचारावंसं वाटलं, साबण! साबण म्हणत होतीस ना? आणि त्याच वेळी तिचे पाय धरून बसावंसंही वाटत होतं. मी पाय धरून बसले.

नर्सनं तिचं डोकं धुतलं होतं. कढईतली मेंदी चढायच्या आतच निघाली होती, त्यामुळे भांग पांढराच राहिला होता, कपाळापासून टाळूपर्यंत. बाबा तिच्या बांगड्या हातात घेऊन कोपऱ्यात उभे होते. ते मला हळूच म्हणाले, "हिचं केस पांढरं हायेत? मना कदी कललंच नाय." दाराला कडी असायची.

संध्याकाळी नावड्याहून माझ्या होणाऱ्या सासूबाई आल्या. कुणी कळवलं कोण जाणे, गावात बातमीला पाय असतात. दारातूनच त्यांचा मोठा आवाज आला, "काय झालं विहीनबायला?" आईला दिसत नव्हतं, पण आवाज ओळखला. तिचा हात लगेच खांद्यापाशी पदर शोधायला लागला. अंगावर हॉस्पिटलचा झगा होता, पदर नव्हता. तेव्हा तिनं चादर ओढली आणि डोक्यावरून घेतली. नाकावर ऑक्सिजनचा मास्क, घशात जीव अडकलेला, आणि बाई केस झाकतेय! मला ओरडावंसं वाटलं.

सासूबाई स्टुलावर बसल्या. त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं, कुठे जांभळं, कुठे पिवळं, मुळाशी पांढरं. लपवायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. मावशीचं स्थळ मोडलं तेव्हा ज्या प्रश्नाने मोडलं, तो प्रश्न आता येणार म्हणून मी तयार होऊन बसले. त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि कानामागे टोचायला लागल्या. खोलीत उजेड भरपूर होता. मला कानामागची जागा दिसली. लाल, ओली, कडेनं खपली धरलेली. ती जागा मी ओळखत होते. इतकी वर्षं ती माझ्याच कानामागे होती.

"आई," मी त्यांना पहिल्यांदाच तशी हाक मारली, "कधीपासून खाजतंय?"

त्यांनी आकडा पटकन मुठीत लपवला. "कुठं काय? घाम हाय."

"दर वेळी जास्त होतं ना?"

त्यांनी दाराकडे बघितलं. बाबा बाहेर गेले होते. मग त्या मोठ्या आवाजाच्या बाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "डाय नाय लावत गो मी. मेंदीच लावतंय."

चादरीखाली हालचाल झाली. आईनं मास्क बाजूला सरकवला. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं माझा हात झटकला. या एका बाईला कळू नये म्हणून तिनं माझा आणि स्वतःचा जीव टांगणीला लावला होता, आणि ती बाई आता हातभर अंतरावर बसली होती. आईनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं आणि चादर स्वतःच्या हातानं डोक्यावरून खाली ओढली.

"विहीनबाय," ती म्हणाली. आवाज कसला, नुसती फुटकी हवा. "मना बगा. नका लावू."